क्रॉलस्पेसच्या भिंतींना फोम बोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी मंडळींकडून थंडी सुरू झाली की हे प्रश्न येऊ लागतात. पायाखाली गारठा, पावसाळी कुबट वास, घर विकताना तपासनीसाने लिहिलेला शेरा अशी निमित्तं वेगवेगळी असतात, पण प्रश्न फिरून त्याच घोळक्यातले. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. नियमांचे आकडे अमेरिकेच्या आदर्श निवासी बांधकाम संहितेतले आहेत. तुमच्या गावाने किंवा काउंटीने त्यात बदल केलेला असू शकतो, त्यामुळे परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी एक फोन कराच.

१. क्रॉलस्पेसमध्ये कोणी राहत नाही. मग तिथे इन्सुलेशन कशाला?

जमीन आणि तळमजल्याची लाकडी फरशी यांच्या मधली ही दोन-चार फूट उंचीची पोकळी. पाण्याचे पाइप, हीटिंगचे डक्ट, वायरी सगळं तिथूनच फिरतं. हिवाळ्यात ती गार पडली की फरशी गार पडते, डक्टमधली उष्णता वाया जाते आणि एखाद्या रात्री पाइप गोठून फुटतो.

दुसरं कारण हवेचं. घरातली गरम हवा वर चढून माळ्याच्या फटींतून निसटते, आणि तिची जागा भरायला खालची हवा आत ओढली जाते. म्हणजे क्रॉलस्पेसमधली ओल, बुरशीचा वास आणि धूळ बैठकीच्या खोलीपर्यंत पोहोचते. तिथे कोणी राहत नसलं तरी तिथली हवा घरातली माणसं श्वासात घेत असतात.

२. तपासनीस म्हणतो व्हेंट (पायाच्या भिंतीतले हवेचे झरोके) उघडे ठेवा, कंत्राटदार म्हणतो बंद करा. कोणाचं ऐकू?

दोघेही आपापल्या जागी नियमाला धरून बोलत असतील. संहितेत दोन्ही पद्धतींना जागा आहे. फरक असा की उघड्या व्हेंटची पद्धत क्रॉलस्पेसला घराबाहेरची जागा मानते, आणि बंद पद्धत तिला घराच्या आत घेते. यातलं काय ते तुम्ही एकदा ठरवायचं आणि मग सगळं काम त्या निर्णयाला धरून करायचं. या पानावरच्या निम्म्या तक्रारी अर्धवट कामातून आलेल्या आहेत: व्हेंट उघडे आणि भिंतीला फोम, किंवा व्हेंट बंद आणि जमीन उघडी.

व्हेंटमधून वारा खेळला की ओल जाईल ही समजूत कोरड्या प्रदेशात बऱ्यापैकी खरी ठरते. दमट उन्हाळ्याच्या प्रदेशात उलटं होतं. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, २४ अंशांच्या जवळ असतो. एसीमुळे आणि जमिनीच्या गारव्यामुळे क्रॉलस्पेसमधले पाइप, डक्ट आणि लाकूड त्याहून थंड असतं. म्हणजे ओल घालवायला आत घेतलेली हवाच तिथे पाणी सोडून जाते.

नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रिन्सव्हिल गावात ‘ॲडव्हान्स्ड एनर्जी’ या संस्थेने १२ घरांवर मोजमापं घेतली होती. बंद क्रॉलस्पेसची घरं उघड्या व्हेंटच्या घरांपेक्षा कोरडी राहिली, आणि वर्षभराचा हीटिंग-कूलिंगचा वीजवापर सुमारे १५ ते १८ टक्के कमी झाला. माझा कल स्पष्टपणे बंद पद्धतीकडे आहे. अपवाद प्रश्न १४, १५ आणि १७ मध्ये आहेत.

३. फोम भिंतीला लावायचा की फरशीच्या खाली?

व्हेंट बंद करणार असाल तर भिंतीला. उघडे ठेवणार असाल तर फरशीखाली.

भिंतीचं काम सोपं आणि खात्रीचं असतं. चार सलग भिंती असतात आणि पाइप, डक्ट आपोआप उबदार भागात येतात. फरशीखाली प्रत्येक जॉइस्ट (फरशी तोलणारी आडवी लाकडी तुळई), प्रत्येक पाइप, प्रत्येक वायरीभोवती बोर्ड कापत बसावं लागतं, आणि एवढं करून पाइप बाहेरच्या थंडीतच राहतात.

दोन्हीकडे लावू नका. भिंतीलाही आणि फरशीखालीही इन्सुलेशन असेल तर क्रॉलस्पेसला घराची ऊब मिळत नाही, ती अधांतरी राहते, आणि हिवाळ्यात पाइप गोठण्याचा धोका शिल्लकच राहतो.

४. दुकानात पांढरे, गुलाबी, निळे आणि चांदीचे बोर्ड दिसतात. फरक काय?

पांढरा दाणेदार बोर्ड म्हणजे ईपीएस, आपला ओळखीचा थर्माकोल, फक्त बांधकामासाठी जास्त घनतेचा. इंचाला साधारण ४ च्या आसपास आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची क्षमता; आकडा मोठा तितकी जास्त). त्यातून थोडी वाफ आरपार जाते, त्यामुळे ओलसर भिंतीला हळूहळू सुकायला वाव राहतो. जमिनीला टेकला तरी चालतो.

गुलाबी किंवा निळा बोर्ड एक्सपीएस. इंचाला ५. ईपीएसपेक्षा घट्ट, पाणी कमी शोषतो आणि कडा सहज तुटत नाहीत. त्यातला वायू वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातो आणि आर-व्हॅल्यू थोडी उतरते. पूर्वी तो फुगवायला वापरला जाणारा वायू वातावरणाला फार तापवणारा होता. आता कमी हानीचे प्रकारही निघाले आहेत, लेबल वाचून घ्या.

चांदीच्या कागदाचा बोर्ड पॉलिआयसो. इंचाला साधारण ५.५ ते ६.५, म्हणजे तिघांत सर्वांत जास्त. पण कडाक्याच्या थंडीत हा आकडा घसरतो. दोन्ही बाजूंना फॉइल असेल तर त्यातून वाफ जवळपास जातच नाही. याला ओली जमीन मात्र सोसत नाही. उघड्या कडांतून पाणी शोषतो, म्हणून जमिनीपासून वर ठेवायचा.

माझी निवड साधारण अशी: भिंत थोडी ओलसर राहत असेल किंवा बोर्ड खाली पायथ्यापर्यंत न्यायचा असेल तर ईपीएस किंवा एक्सपीएस. भिंत कोरडी असेल आणि वर दुसरं आवरण लावायचा कंटाळा असेल तर आगीच्या चाचणीत उतरलेला फॉइलचा पॉलिआयसो. आगीबद्दल प्रश्न १० पाहा.

५. किती जाडीचा बोर्ड पुरेल?

संहितेने देश हवामानाच्या विभागांत वाटला आहे. सलग फोमसाठी क्रॉलस्पेसच्या भिंतीची किमान आर-व्हॅल्यू विभाग १ आणि २ मध्ये (ह्यूस्टन, ऑर्लँडो) शून्य, विभाग ३ मध्ये (अटलांटा, डॅलस) ५, विभाग ४ मध्ये (न्यूयॉर्क शहर, सेंट लुइस) १० आणि विभाग ५ पासून पुढे (शिकागो, बॉस्टन, डेन्व्हर, मिनियापोलिस) १५. सिएटल ४ मध्ये मोडत असलं तरी किनारी उपविभागात येतं, म्हणून तिथेही १५ धरतात.

१० साठी एक्सपीएस २ इंच किंवा ईपीएस अडीच इंच. १५ साठी एक्सपीएस ३ इंच, ईपीएस ४ इंच, पॉलिआयसो साधारण अडीच इंच. जाडी दोन थरांत विभागली तर उत्तम: वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. हवा सांध्यातून निसटते, बोर्डातून नाही.

६. बोर्ड आणून ठेवलेत. लगेच लावायला घेऊ का?

थांबा. आधी पाणी.

जोराच्या पावसानंतर आत जाऊन बघा. जमिनीवर डबकं, भिंतीवर ओलीची रेघ किंवा काँक्रीटवर पांढरी पावडर दिसत असेल, तर फोम लावून तुम्ही फक्त ती नजरेआड कराल. पाणी बहुतेक वेळा छपरावरून येतं. पन्हळी तुंबलेल्या असतात, किंवा पन्हळीचा उभा पाइप भिंतीच्या पायाशीच पाणी ओततो. तो पाइप काही फूट लांब न्या. भिंतीपासूनच्या पहिल्या १० फुटांत जमिनीला ६ इंचांचा उतार हवा. एवढ्याने भागलं नाही तरच आतली चर, खड्डा आणि त्यात साचलेलं पाणी उपसणारा संप पंप. कंत्राटदार बहुधा पंपापासूनच बोलायला सुरुवात करतात, हे लक्षात असू द्या.

मग बाकीचं तपासा. कपड्यांच्या ड्रायरचा पाइप क्रॉलस्पेसमध्येच संपतोय का? एसीचं निथळणारं पाणी तिथेच पडतंय का? एखादा नळ ठिबकतोय का? लाकडाची ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. जॉइस्टमध्ये २० टक्क्यांच्या आसपास किंवा वर आकडा असेल तर लाकूड सडण्याच्या वाटेवर आहे. ते सुकू द्या, कारण शोधा, मगच फोम.

बुरशी दिसली तर प्रश्न १८ पाहा.

७. जमिनीवर प्लास्टिक अंथरणं खरंच गरजेचं आहे का? माती तर कोरडीच दिसते.

कोरडी दिसणारी मातीही सतत वाफ सोडत असते. वाफ डोळ्यांना दिसत नाही म्हणून माती कोरडी वाटते, एवढंच. मातीच्या एखाद्या भागावर प्लास्टिकचा तुकडा कडांनी दाबून टाका आणि दुसऱ्या दिवशी उचलून खालची बाजू बघा, खात्री पटेल.

बंद क्रॉलस्पेसमध्ये संपूर्ण उघडी जमीन झाकायचीच. सांध्यांवर ६ इंच एकावर एक, त्यावर टेप, आणि कडा भिंतीवर किमान ६ इंच चढवून पक्क्या. किमान जाडी ६ मिल (१ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरतात, पण तिथे गुडघ्यांवर फिरायचं आणि खोकी ढकलायची असतात. १२ ते २० मिलचं जाळीदार प्लास्टिक टिकतं. आधी खडे, लाकडाचे तुकडे, जुने खिळे वेचा.

क्रम विचारणारेही बरेच असतात. प्लास्टिक भिंतीवर चढवून चिकटवायचं, त्यावर फोम. किंवा आधी फोम आणि प्लास्टिक फोमवर चढवून टेप. दोन्ही चालतं. दगडी किंवा विटांच्या ओलसर भिंतीला पहिला क्रम बरा, कारण भिंतीतून झिरपलेलं थोडंफार पाणी प्लास्टिकखाली जातं, त्याच्या वर साचत नाही.

८. बोर्ड भिंतीला नेमके कसे बसवायचे?

भिंत ब्रशने झाडून घ्या. मोजमाप घेऊन बोर्ड कापा: मोठ्या चाकूने अर्ध्या जाडीपर्यंत रेघ मारायची आणि मग मोडायचा. यांत्रिक करवतीने काप सरळ येतो, पण बारीक भुसा स्थिर विजेने सगळीकडे चिकटून बसतो, आणि त्या अरुंद जागेत तो फार छळतो. कापायचं काम बाहेर करा.

चिकटवायला फोमसाठीच असलेलं ॲडेसिव्हच घ्या. साध्या बांधकामी गोंदातलं सॉल्व्हंट ईपीएस आणि एक्सपीएस दोन्ही विरघळवून टाकतं, आणि आठवड्याभरात बोर्ड भिंतीवरून खाली येतो. ॲडेसिव्ह ठिपक्यांत न लावता कडेने सलग लावा, म्हणजे बोर्डाच्या मागे हवा फिरत नाही. हवा फिरली तर ती थंड काँक्रीटवर दव टाकेल आणि इन्सुलेशनचा अर्थच उरणार नाही. जोडीला प्रत्येक बोर्डाला काँक्रीटचे स्क्रू आणि रुंद वॉशर.

सांध्यांवर त्या बोर्डाला मान्य असलेली टेप, आणि पाइपभोवतीच्या फटींत डब्यातला फोम. भिंत वेडीवाकडी असेल तर बोर्ड लहान कापा. आठ फुटांचा सलग बोर्ड वाकड्या भिंतीवर कधीच नीट बसत नाही.

खाली कुठपर्यंत? संहितेप्रमाणे फरशीपासून बाहेरच्या जमिनीच्या पातळीपर्यंत, आणि तिथून पुढे उभे किंवा आडवे आणखी २४ इंच. प्रत्यक्षात बहुतेक क्रॉलस्पेस उथळ असतात, बोर्ड पायथ्यापर्यंत नेणंच सोपं पडतं.

९. रिम जॉइस्ट म्हणजे काय आणि सगळे त्यावर एवढा भर का देतात?

पायाच्या भिंतीवर सिल प्लेटची लाकडी पट्टी बसते आणि तिच्यावर घराच्या कडेने उभी फळी. ती फळी म्हणजे रिम जॉइस्ट. काँक्रीट आणि लाकूड इथे भेटतात, आणि घरातल्या हवेची बरीच गळती इथे सापडते. भिंतीला सुंदर फोम लावून ही जागा सोडली तर कामाचा बराच भाग वाया गेला असं समजा.

दोन जॉइस्टच्या मधल्या प्रत्येक चौकोनासाठी फोमचा तुकडा कापायचा, पण चारही बाजूंनी पाव ते अर्धा इंच लहान. तो बसवून त्या फटीत डब्यातला फोम मारायचा. घट्ट ठोकून बसवलेला तुकडा नीटनेटका दिसतो खरा, पण त्याच्या कडेने हवा जातेच. फट सोडून ती फोमने भरणं जास्त खात्रीचं. फायबरग्लासचे गुंडाळे तिथे कोंबू नका. त्यातून हवा आरपार जाते, मागची फळी थंड असते, आणि हिवाळ्यात घरातली वाफ त्या फळीवर पाणी होऊन बसते.

काम कंटाळवाणं आहे. चौकोन बरेच असतात आणि कोपऱ्यांतले फार अडचणीचे. तरी एका शनिवारात फक्त एवढंच जमणार असेल तर भिंती राहू द्या, हे करा.

१०. फोम उघडाच ठेवला तर चालतं का? वर जिप्सम बोर्ड लावावाच लागतो?

फोम पेटला की जोरात पेटतो आणि काळाकुट्ट धूर सोडतो, म्हणून राहत्या खोलीत त्यावर अर्धा इंच जिप्सम बोर्ड लागतोच. क्रॉलस्पेसमध्ये माणूस फक्त दुरुस्तीसाठी जात असेल तर संहिता सवलत देते: पाव इंच प्लायवुड, ३/८ इंच जिप्सम किंवा दीड इंच मिनरल वूल यांपैकी एखादं आवरण पुरतं. तिथे सामानसुमान ठेवायला लागलात की ही सवलत राहत नाही.

काही फॉइलचे पॉलिआयसो बोर्ड आवरणाशिवाय उघडे ठेवण्यासाठी चाचणीत उतरलेले असतात. बोर्डावर किंवा त्याच्या कागदपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. फॉइल दिसतेय म्हणजे चालेल, असा अंदाज बांधू नका. साधा गुलाबी, निळा किंवा पांढरा बोर्ड उघडा ठेवलेला दिसला तर निरीक्षक काम अडवेल, आणि ते योग्यच आहे.

११. वाळवी फोम खाते का? वर तीन इंच मोकळी पट्टी सोडा म्हणतात ती कशासाठी?

खात नाही, पण त्यातून बोगदा करून आरामात वर जाते. अडचण अशी की वाळवीचे मातीचे नळ फोममागे लपतात आणि तपासनीसाला दिसत नाहीत. म्हणून भिंतीच्या वरच्या टोकाला, सिल प्लेटच्या खाली, सुमारे ३ इंचांची पट्टी उघडी ठेवतात. वाळवीला लाकडापर्यंत पोहोचायचं तर तो उघडा पट्टा ओलांडावाच लागतो, आणि तिथे नळ चटकन दिसतो. त्या पट्टीतून थोडी उष्णता जाते. जाऊ द्या. सिलच्या वरचा रिम जॉइस्ट मात्र प्रश्न ९ प्रमाणे भराच.

फ्लोरिडा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, साउथ कॅरोलायना आणि टेक्सस-कॅलिफोर्नियाचे काही भाग वाळवीच्या अतितीव्र पट्ट्यात येतात. तिथे जमिनीखालच्या फोमवर जादा बंधनं आहेत, आणि वाळवी नियंत्रणाचा करार असेल तर त्या कंपनीला आधी विचारा. न विचारता फोम लावला म्हणून हमी रद्द झाल्याच्या तक्रारी येतात.

१२. व्हेंट बंद केल्यावर आत कोंदट होणार नाही का?

नुसतं बंद करून सोडून दिलंत तर होईल. म्हणून संहिता बंद क्रॉलस्पेससाठी हवेची काहीतरी सोय सक्तीची करते. पर्याय असे: सतत चालणारा पंखा जो क्षेत्रफळाच्या दर ५० चौरस फुटांमागे मिनिटाला १ घनफूट हवा बाहेर टाकेल आणि तेवढी घरातून खाली येऊ देईल, हीटिंग-कूलिंगच्या यंत्रणेतून त्याच हिशेबाने खाली हवा सोडणं, किंवा दर १,००० चौरस फुटांमागे दिवसाला ७० पाइंट पाणी काढू शकेल असा डीह्युमिडिफायर. हिशेब सोपा आहे: १,५०० चौरस फुटांच्या क्रॉलस्पेसला मिनिटाला ३० घनफूट.

दमट प्रदेशात मी डीह्युमिडिफायरच्या बाजूने. महाग पडतो, गुणगुणतो, पण वसंत आणि शरद ऋतूत एसीही बंद आणि हीटरही बंद असताना तोच एकटा काम करतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहील असा लावा.

१३. फरशीखाली जुनी फायबरग्लास लोंबतेय. काढू की तशीच राहू दे?

भिंतीला फोम लावणार असाल तर काढा. कारण प्रश्न ३ मध्ये आलंच आहे. शिवाय लोंबणाऱ्या फायबरग्लासमध्ये बहुधा ओल आणि उंदरांची घरटी असतात. ती काढली की फरशीची खालची बाजू डोळ्यांसमोर येते आणि सडलेलं लाकूड, गळके पाइप लगेच सापडतात. हा फायदा इन्सुलेशनपेक्षा कमी नाही.

१४. फर्नेस आणि वॉटर हीटर क्रॉलस्पेसमध्येच आहेत. चालेल ना?

गॅसवर चालणारं यंत्र क्रॉलस्पेसमधलीच हवा घेऊन जळत असेल तर व्हेंट बंद करू नका. हवा कमी पडली, किंवा पंख्याने ओढ निर्माण केली, की धूर चिमणीतून उलटा फिरतो आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. ज्याला बाहेरून स्वतःचा हवेचा पाइप आहे असं बंद दहनाचं यंत्र किंवा विजेवरचा हीट पंप असेल तर प्रश्न नाही. जुनं यंत्र बदलायला आलंच असेल तर क्रम असा ठेवा: आधी यंत्र, मग व्हेंट बंद. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही परिस्थितींत हवाच.

१५. आमचं घर पूरक्षेत्रात आहे. तरी भिंती बंद करता येतील का?

इथे सर्वसाधारण सल्ला लागू पडत नाही. पूरपातळीखालच्या बंदिस्त जागेला पुराचं पाणी आत-बाहेर जाऊ देणारी उघडी तोंडं ठेवावीच लागतात: क्षेत्रफळाच्या दर चौरस फुटाला १ चौरस इंच, किमान दोन, आणि वेगवेगळ्या भिंतींवर. ती बुजवली तर पाण्याच्या दाबाने भिंत कोसळू शकते आणि पूरविम्याचाही घोळ होतो. एरवी बंद राहून पाणी आल्यावर आपोआप उघडणारे प्रमाणित व्हेंट मिळतात. बहुतेकांना मात्र फरशीखालचा फोमच सरळ पडतो.

१६. फरशीखालीच लावायचा तर दमट दक्षिणेत कोणता बोर्ड?

जॉइस्टच्या खालून फॉइलचा पॉलिआयसो, सांध्यांना टेप. दक्षिण लुइझियानात १२ घरांच्या उंचावलेल्या फरश्यांवर ओलीचा अभ्यास झाला आहे. उन्हाळ्यात वाफ बाहेरून आत, म्हणजे खालून वर जाते. फॉइल तिला खालीच थांबवते आणि वरचं लाकूड कोरडं राहतं. एसी फार थंड ठेवणाऱ्या घरांत, वर विनाइलसारखी वाफ अडवणारी फरशी असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. अशा फरशीखाली नुसती फायबरग्लास असली की लाकूड ओल धरतं.

१७. पायाची भिंतच नाही, घर खांबांवर उभं आहे. किंवा भिंत जुन्या दगडांची आहे. मग?

खांबांवरच्या घराला बंद करण्यासारखी भिंतच नाही, त्यामुळे फरशीखालचा पर्याय, आणि तो प्रश्न १६ प्रमाणे. खालून वारा वाहतो म्हणून पाइपांना वेगळं इन्सुलेशन द्या. उंदरांसाठी बोर्डाच्या खाली प्लायवुड लावणं शहाणपणाचं.

ओबडधोबड दगडी भिंतीवर बोर्ड टेकतच नाही; मागे पोकळ्या राहतात आणि त्यांत ओल साचते. तिथे बंद पेशींचा फवारा फोम चांगला, पण तो व्यावसायिकाकडूनच मारून घ्या. चुन्यातली फार जुनी भिंत असेल तर आधी तिची डागडुजी.

१८. जॉइस्टवर काळे डाग आहेत. फोम लावून टाकला तर बुरशी मरेल का?

नाही. बुरशीला पाणी हवं असतं, तेवढं तोडलं की ती वाढायची थांबते. ओलीचं कारण काढा, लाकूड सुकू द्या, मग डाग ओल्या कापडाने पुसा किंवा घासा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात सहज रुतत असेल तर ते बुरशीच्या पलीकडे गेलं आहे, सुताराला दाखवा. फवारायची महागडी औषधं विकणारे बरेच भेटतात. ओल तशीच ठेवून मारलेला फवारा फार दिवस पुरत नाही.

१९. रेडॉनचं (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूचं) काय? सगळं बंद केल्यावर तो वाढतो म्हणे.

वाढू शकतो, कमीही होऊ शकतो. मोजल्याशिवाय कळणार नाही, म्हणून कामाआधी आणि नंतर चाचणी करा. अमेरिकी पर्यावरण संस्था ईपीए दर लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आकडा आला तर उपाय करायला सांगते. क्रॉलस्पेससाठी रूढ उपाय म्हणजे जमिनीवरच्या प्लास्टिकखाली छिद्रांचा पाइप टाकून पंख्याने तिथली हवा छपरावर सोडणं. प्लास्टिक अंथरतानाच तो पाइप टाकून ठेवलात तर पुढे सगळं उखडावं लागत नाही.

२०. वायरी फोमला टेकल्या तर काही होतं का?

हे फारच कमी लोक विचारतात. पीव्हीसीच्या आवरणाची वायर ईपीएस किंवा एक्सपीएसला वर्षानुवर्षं चिकटून राहिली तर आवरण मऊ ठेवणारं रसायन फोममध्ये उतरतं आणि आवरण ठिसूळ होतं. वायर थोडी अंतरावर ठेवा किंवा नळीतून न्या. पॉलिआयसोला ही अडचण नाही.

२१. स्वतः करण्यासारखं काम आहे का?

चार फूट उंची असेल तर हो. दीड फुटात सरपटत करायचं असेल तर कोणाला तरी पैसे द्या. आत जाताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या आणि बाहेर लक्ष ठेवायला एक माणूस. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, त्यातून हंटाव्हायरस पसरतो. ब्लीचचं पाणी शिंपडून ओल्या करून उचला. जुन्या घरात पाइपांवर पांढरं कापडासारखं वेष्टन किंवा खडेदार चमकदार व्हर्मिक्युलाइट दिसलं तर हात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

आत जायच्या झडपेलाही फोम आणि कडेने रबरी पट्टी लावायची. ही झडप हमखास विसरली जाते.

२२. भिंतीला आतून फोम लावला तर थंड प्रदेशात पाया गोठून उचलला जाईल, असं ऐकलं. खरं आहे का?

पाया तुमच्या भागातल्या गोठणरेषेच्या (हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या) खाली असेल तर काळजी नाही, आणि नियमाने बांधलेल्या घरांत तो असतोच. जुन्या उथळ पायाच्या घरांत मात्र शंकेला जागा आहे. घरातून गळणारी उष्णताच आजवर पायाजवळची माती गोठू देत नव्हती, असं असू शकतं. फोम ती उष्णता अडवतो, माती गोठते, फुगते आणि भिंत वर ढकलते. पायाची खोली माहीत नसेल तर बाहेरून एका ठिकाणी खणून मोजा. उथळ निघाला तर फोम बाहेरच्या बाजूने जमिनीत आडवा घालायची वेगळी पद्धत आहे, आणि ती स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच करायची.